रंगाखाली पुट्टी, पुट्टीखाली कापलेली नळी: मुलीच्या रेसिंग कार्टच्या नावाखाली झालेली फसवणूक

मुलांच्या रेसिंग कार्टची (बुटक्या, उघड्या छोट्या रेसिंग गाडीची) जुनी चेसिस, म्हणजे नळ्यांचा सांगाडा, 'लांबवून मोठी करून देतो' असं कुणी म्हणालं, तर त्याच्या ताब्यात गाडी देऊ नका. या कामाचे आमच्याकडून 1 लाख 75 हजार घेतले आणि हातात आलं ते धोकादायक भंगार. त्यात माझी 12 वर्षांची मुलगी बसणार होती, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय.

तिची कार्ट जुनी, 60 सीसीची कॅडेट, म्हणजे लहान मुलांच्या मापाची. उंची वाढली तसे गुडघे स्टिअरिंगला लागायला लागले. ट्रॅकवरच्या ओळखीतून भोसरी एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपवाल्याचं नाव कळलं. तो म्हणाला, "ताई, नवी कशाला घेता? हिच्याच बाजूच्या नळ्या काढून नवीन क्रोमोलीच्या टाकतो, जिगवर वेल्ड करतो. मागे 50 एमएमचा ॲक्सल, वर सीलबंद ज्युनिअर रोटॅक्स. पोरगी थेट रेसला उतरेल." क्रोमोली म्हणजे मजबूत मिश्र पोलाद, जिग म्हणजे वेल्ड करताना नळ्या मापात धरून ठेवणारा साचा, आणि रोटॅक्स हे कार्टचं इंजिन. व्हॉट्सॲपवर कोटेशन आलं, त्यातही हेच लिहिलेलं. बिल नंतर देतो म्हणाला, ते कधी दिलंच नाही.

कार्ट घरी आली तेव्हा नव्यासारखी चमकत होती. माझे सासरे, अप्पा, टेल्कोत (आताची टाटा मोटर्स) वेल्ड शॉपला होते. त्यांनी आधी ती उलटी करायला लावली. सीटखालच्या नळीवरून अंगठा फिरवला आणि मला फ्रिजवरचं मॅग्नेट आणायला सांगितलं. बाकी नळीवर ते टक्कन चिकटत होतं, पण सीटच्या सपोर्टपुढच्या चार बोटं जागेत धरेना, घसरून खाली पडलं. अप्पांनी तिथे कानस लावली. रंग गेला, खालून पुट्टी निघाली, आणि पुट्टीखाली जुनीच नळी मधोमध कापून आत दुसरी नळी सारून केलेला जोड. वेल्डमध्ये टाचणी जाईल अशी भोकं. "खिडकीच्या ग्रिललासुद्धा कुणी असं वेल्डिंग करत नाही," अप्पा म्हणाले. ते सहसा आवाज चढवत नाहीत, त्या दिवशी चढला.

पैसे पावडर कोटिंगचे घेतले होते. पण पावडर कोटिंग भट्टीत साधारण 180-200 अंशांवर भाजतात, तिथे साधी पुट्टी टिकत नाही. म्हणून स्प्रे मारून दिला होता. थिनरचा बोळा फिरवला तर रंग कापडाला आला.

कार्टला सस्पेन्शन नसतं आणि डिफरन्शियलही नसतं. मागची दोन्ही चाकं एकाच ॲक्सलवर, एकाच वेगाने फिरतात, त्यामुळे वळणावर आतलं मागचं चाक क्षणभर हलकं व्हावं लागतं. ते काम चेसिसच्या पिळण्यामुळे होतं. क्रोमोलीच्या नळ्या वापरतात त्या त्यासाठीच. मधे असा जोड आला की तिथे नळी पिळत नाही, सगळा ताण वेल्डच्या कडेला येतो आणि तडा तिथूनच सुरू होतो. कॅडेटचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, 950 मिमीच्या आसपास, मोठ्या कार्टचा 1040 च्या पुढे-मागे. हे अंतर कापून-जोडून भरून काढायचं नसतं. नवीन नळ्या खरंच टाकल्या असत्या तरी ती चेसिस होमोलोगेशनमधली (रेससाठी अधिकृत मान्यता असलेली) राहिली नसती, म्हणजे 'थेट रेसला' हे वाक्यच खोटं होतं. आमच्या कार्टवर किंगपिन (पुढचं चाक ज्यावर वळतं तो खिळा) ते मागचा ॲक्सल अंतर टेपने मोजलं, डावी-उजवीकडे 7 मिमीचा फरक आला. जिग कुठली आणि काय!

इंजिनचीही तीच गत. रोटॅक्सचं इंजिन अधिकृत सर्व्हिस सेंटरने उघडलं की ते पुन्हा सील करतात. सीलवर क्रमांक असतो आणि तो इंजिनच्या कार्डवर नोंदवतात. आम्हाला सील दिसलं, कार्डही मिळालं, फक्त दोन्हीवरचे क्रमांक वेगळे. शिवाय ज्युनिअरच्या सिलिंडरला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (धूर बाहेर जाण्याच्या वाटेवरची झडप) नसतो. याला होता, बंद करून ठेवलेला. म्हणजे सीनिअरचं सिलिंडर. ज्युनिअर साधारण 23 हॉर्सपॉवरचं, सीनिअर 30 च्या आसपासचं. लहान मुलीसाठी हा फरक किती मोठा आहे, हे त्या माणसाला माहीत नव्हतं असं मी मानणार नाही.

आमच्या जुन्या कार्टचे मॅग्नेशियमचे रिमही गायब. त्या जागी झिजलेले ॲल्युमिनियमचे. "ते क्रॅक होते, फेकले," एवढंच उत्तर. काम टाकण्याआधीचे फोटो आमच्याकडे आहेत, त्यात रिमवरचा शिक्का स्पष्ट दिसतो. तुम्हीही गाडी सोडताना प्रत्येक भागाचा फोटो काढा, क्रमांकासकट.

खरं सांगायचं तर जुन्या कॅडेटचा योग्य उपयोग एकच: ज्याचं पोर आता सुरुवात करतंय त्याला सरावासाठी विकणं. मुलांसाठी पुढच्या मापाची वापरलेली चेसिस घ्या. रंग फार ताजा असेल तर तिथेच थांबा. उलटी करून तळाच्या नळ्या बघा: कर्बवर (ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावर) घासून चपट्या झाल्यात का, सीटच्या सपोर्टशी आणि बेअरिंगच्या जागी तडा आहे का. वर्कशॉपमध्ये काही वेल्ड करायचं ठरलंच, तर रंग मारण्याआधी उघडी चेसिस बघायला मागा. तो टाळाटाळ करू लागला तर गाडी तिथून उचला.

आम्ही पुणे जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही आणि तक्रारीसाठी 2 वर्षांची मुदत असते. त्याआधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर बोलून घेतलं, त्याचा उपयोग झाला. कोटेशनचा मेसेज, यूपीआयच्या नोंदी, जोडाचे फोटो आणि सील-कार्डचे फोटो जोडले. पोलिसांकडे वेगळा अर्ज दिला आहे. अप्पांच्या त्या तपासणीनंतर कार्ट आम्ही तशीच ठेवली आहे, एक बोल्टसुद्धा हलवलेला नाही, कारण तपासणीला तीच लागणार. कुणाचं काम अशाच एखाद्या वर्कशॉपमध्ये अडकलं असेल तर गाडी दुरुस्त करून घेण्याच्या घाईत हे पुरावे पुसून टाकू नका.