रत्नागिरीतला नवख्या इंजिनिअरांचा वर्ग: गिट पक्कं, एसक्यूएल कच्चं

या वर्गात रेझ्युमे एका पानात बसवायला लावतात, हे उत्तम. ‘टीम प्लेयर’ खोडून तिथे प्रोजेक्टची लिंक. सगळ्यात जास्त वेळ गिटवर (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) जातो आणि तो सार्थकी लागतो: छोटे कमिट (बदलांच्या नोंदी), वेगळी ब्रँच (कोडची स्वतंत्र शाखा), मग पुल रिक्वेस्ट (बदल मुख्य कोडमध्ये घ्यायची विनंती). पासवर्ड चुकून कमिट झाला तर फाइल डिलीट करून भागत नाही, जुन्या कमिटमध्ये तो राहतोच. आधी पासवर्डच बदला, हे स्क्रीनवर करून दाखवतात. एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा, मात्र उरकलंय. लेफ्ट जॉइन करून (डाव्या टेबलाच्या सगळ्या ओळी ठेवून उजवं टेबल जोडून) उजव्या टेबलाची अट व्हेअरमध्ये (ओळी निवडणाऱ्या भागात) घातली की न जुळलेल्या ओळी गळतात, याचा उल्लेखही नाही. पावसाळ्यात लाइट गेली की ऑनलाइन सराव परीक्षा अर्धवट. इन्व्हर्टर आहे, पण राउटर त्यावर जोडलेलाच नाही!