वायफायवाला तोंडातला कॅमेरा: खानापूर-निपाणीकडच्या म्हाताऱ्या माणसांसाठी घ्यावा का?

पेनासारखा दिसणारा हा कॅमेरा ऑनलाइन दोन-तीन हजारांत मिळतो. टोकाला बारीक भिंग, भोवती एलईडी दिवे, चार्जिंग मोबाइलच्या चार्जरवर. जांबोटी-कणकुंबीच्या पावसात आजोबांना बेळगावला न्यायचं म्हणजे घरातल्या दोघांचा दिवस मोडतो. त्याआधी तोंडाचे फोटो डॉक्टरांना पाठवून फेरी खरंच लागणार का, हे ठरवायला कॅमेरा चांगला आहे. खोक्यावर लिहिलेलं बाकीचं फारसं मनावर घेऊ नका.

मोठी गोची वायफायची. कॅमेरा स्वतःचंच वायफाय सोडतो. फोन त्याला जोडला की बहुतेक वेळा नेट जातं, मग त्याच फोनवरून व्हिडिओ कॉलवर थेट दाखवणं विसरा. आधी सगळे फोटो काढा, कॅमेरा बंद करा, मग नेटवर येऊन पाठवा. व्हॉट्सअ‍ॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणूनच पाठवा. साधा फोटो दाबला जातो आणि हिरडीच्या कडेची लाली, दाताची बारीक चीर पुसट होते. केबलवर चालणाऱ्या कॅमेऱ्यात ही भानगड नाही.

दुसरी कटकट वाफेची. गार भिंग तोंडात गेलं की सगळं धुरकट. कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने टोक जरा गरम करून कोरडं करा, मग त्यावर प्लास्टिकचं कव्हर ताणून बसवा. भिंगावर सुरकुती राहिली तर फोटो वाया. दातापासून साधारण एक-दोन सेंटिमीटरवर धरा.

आजींना पाठ-डोकं भिंतीला टेकवून बसवा, कवळी काढा, चूळ भरायला सांगा. गाल बाजूला करायला चमच्याचा दांडा पुरतो. दात मिटून समोरून, उजवीकडून, डावीकडून. मग टाळू, खालच्या दाढा, जिभेच्या दोन्ही कडा आणि जिभेखालची जागा. शेवटचे दोन फोटो लोक हमखास गाळतात, आणि तंबाखूच्या मुलखात तेच सगळ्यात महत्त्वाचे. मिश्रीचे काळे डाग फोटोत किडीसारखे दिसतात, म्हणून 'मिश्री लावतात' हे सोबत लिहा. पुसून न जाणारा पांढरा चट्टा किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल तर कॅमेरा बाजूला ठेवून थेट दाखवायला न्या.

खरा फायदा कवळीवाल्यांना. कवळीखालचा टाळू तिच्याच आकारात लाल दिसला तर बहुधा ती रात्रीही तोंडातच असते आणि खाली बुरशी धरलेली असते. फोटो बघून डॉक्टर औषध सांगू शकतात. रात्री कवळी काढून, ब्रशने घासून पाण्यात ठेवायची. हलणारा दात, मुळाशी पू, सैल कवळी यांत मात्र कॅमेऱ्याचा उपयोग शून्य. तिथे एक्स-रे आणि डॉक्टरांचा हातच लागतो. बेळगावात केएलई आणि मराठा मंडळ अशी दोन दंत महाविद्यालयं आहेत.

फोटोंबरोबर गोळ्यांच्या पाकिटांचाही फोटो पाठवा. बीपीच्या काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, दात लवकर किडतात. रक्त पातळ करणारी गोळी मात्र दात काढायचाय म्हणून परस्पर बंद करू नका.

घरटी एक घेण्यात अर्थ नाही. गल्लीत किंवा महिला गटाकडे एक पुरे. कव्हर मात्र माणसागणिक नवं, आणि टोक स्पिरिटने पुसायचं. उकळलंत तर सांध्यातून पाणी शिरून कॅमेरा गेलाच. घेताना टोकाची जाडी बघा: गुटख्याने तोंड कमी उघडणाऱ्यांच्या शेवटच्या दाढेपर्यंत जाड टोक पोचत नाही.