दाढ सुजली म्हणून सीबीसीटी काढताय?

डेंटल इमेजिंग सेंटरवर मिळणाऱ्या आयओपीए (दोन-तीन दातांचा छोटा एक्स-रे), ओपीजी (दोन्ही जबड्यांचा एकत्र एक्स-रे) आणि सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय स्कॅन) या तीन तपासण्यांपैकी सर्वांत महाग सीबीसीटी, आणि सर्वांत जास्त गैरसमजही त्याच्याबद्दलच. हाडाच्या आतला जंतुसंसर्ग शोधायला दंतवैद्यकात त्याला तोड नाही. पण हाड फोडून बाहेर पडलेला पू मानेत कुठवर गेलाय हे विचाराल, तर तो काही सांगू शकत नाही.

साधा आयओपीए म्हणजे तीन बाय चार सेंटिमीटरची सपाट सावली. मुळाच्या टोकाशी आतलं जाळीदार हाड पोखरलं, पण वरचं कठीण कवच शाबूत राहिलं, तर ती पोकळी बऱ्याचदा उमटतच नाही. हाडातली साधारण ३० ते ५० टक्के खनिजं गेल्यावर डाग दिसायला लागतो. सीबीसीटीत जबड्याचे काप एकेक सरकवत पाहता येतात. खालच्या अक्कलदाढेपाशी जिभेच्या बाजूची हाडाची पांढरी रेघ बघा. पापुद्र्याइतकी पातळ असते, आणि ती जिथे तुटलेली दिसते तिथूनच पुवाला वाट मिळालेली असते.

ही वाट कळणं फार मोलाचं. खालच्या जबड्याच्या आतून मायलोहायॉइड हा तोंडाच्या तळाचा स्नायू तिरका चिकटतो. दुसऱ्या-तिसऱ्या दाढेची मुळं बहुधा त्याच्या खाली संपतात, म्हणून पू जबड्याखाली उतरतो. पहिल्या दाढेची मुळं बहुधा वर, म्हणून तो जिभेखाली साठतो. वरच्या दाढांचा पू सायनसमध्ये, म्हणजे गालामागच्या हाडातल्या पोकळीत, जाऊ शकतो. नाकाच्या एकाच बाजूने महिनोन्महिने दुर्गंधी स्राव येत असेल, तर सीबीसीटीवर खर्च केलेला पैसा हमखास वसूल होतो.

सेंटरवर गडबड होते ती बहुधा मापात. एका दाढेसाठी दोन्ही जबड्यांचा मोठा स्कॅन घेतला, तर किरण जास्त आणि बारकावा कमी. पाच बाय पाच सेंटिमीटरचं छोटं क्षेत्र आणि ०.१ मिलिमीटरच्या आसपास व्हॉक्सेल (चित्राचा सर्वांत लहान घन ठिपका), असं चिठ्ठीवर लिहूनच घ्यावं. कानातले, गळ्यातलं, कवळी काढून ठेवावी. यंत्र फिरतं ते १०-२० सेकंद, पण तेवढ्यात आवंढा गिळला तरी कडा दुहेरी येतात. सुजेमुळे तोंड उघडत नसेल तर बाइट ब्लॉकचा (दातांत धरायच्या ठोकळ्याचा) हट्ट धरू नये, हनुवटी टेकवूनही काम होतं. धातूची कॅप किंवा रूट कॅनलचं भरण असेल, तर शेजारी उमटणाऱ्या काळ्या पट्ट्यांना मुळाची चीर समजण्याची चूक सर्रास होते. निव्वळ छापील फिल्म घेऊन परतू नका. डायकॉम फाइल (स्कॅनची मूळ डिजिटल फाइल) मागा, कारण काप सरकवून पाहता आले नाहीत तर या तपासणीचा अर्धा फायदा गेला.

आता उणी बाजू. सीबीसीटीत स्नायू, चरबी आणि पू हे सगळं जवळपास एकाच राखाडी छटेत दिसतं. सूज हनुवटीखाली किंवा मानेत उतरली असेल, तर शिरेतून औषध टोचून काढलेला कॉन्ट्रास्ट सीटीच हवा, तोही कवटीच्या तळापासून छातीच्या वरच्या भागापर्यंत. त्यात गळू मध्ये गडद आणि भोवती उजळ कडा असं स्पष्ट दिसतं. आधी मूत्रपिंडाचं काम कळावं म्हणून रक्तातलं क्रिएटिनिन पाहतात. ॲलर्जी असल्यास किंवा मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी चालू असल्यास आपणहून सांगावं. गालावरच्या वरवरच्या सुजेत पू झालाय की नाही, एवढंच पाहायचं असेल तर सोनोग्राफीवर भागतं.

जीभ वर उचलली गेली, लाळ गिळता येईना, आवाज घोगरा झाला, तोंड दोन बोटंही उघडेना, तर सेंटरची अपॉइंटमेंट सोडून द्यावी. १८३६ मध्ये जर्मन डॉक्टर विल्हेल्म फॉन लुडविग यांनी वर्णन केलेला लुडविग्ज अंजायना (तोंडाच्या तळाशी झपाट्याने पसरणारा जंतुसंसर्ग) असाच सुरू होतो, आणि त्यात जीव जातो तो बहुतेकदा श्वासाची वाट बंद होऊन. ओरल सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघंही हजर असतील असंच रुग्णालय गाठावं. अशा रुग्णाला सीटीसाठी उताणं झोपवलं की जीभ मागे सरकून श्वास अडकू शकतो, म्हणून तिथे आधी श्वासाची सोय होते आणि मगच स्कॅन.