किसिंजरच्या खेपा की कार्टरची कोंडी?

१९७३ च्या ऑक्टोबर युद्धानंतर इस्रायल आणि अरबांना जुळवायला अमेरिकेने दोन वाटा चोखाळल्या. परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर यांची वाट विमानाच्या खेपांची: जेरुसलेम, दमास्कस, पुन्हा जेरुसलेम. महिनाभराच्या घासाघिशीनंतर मे १९७४ मध्ये इस्रायल आणि सीरिया यांच्यात गोलान टेकड्यांवरचं सैन्य मागे घ्यायचा करार झाला. शत्रूंनी समोरासमोर बसायची गरजच नाही. निरोप्या एकच, आणि कुणाला किती सांगायचं तेही त्याच्याच हातात.

राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी उलट केलं. सप्टेंबर १९७८ मध्ये इस्रायलचे पंतप्रधान बेगिन आणि इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष सादात यांना कॅम्प डेव्हिडला, म्हणजे अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या विश्रामस्थानी, तेरा दिवस अडकवून ठेवलं. गंमत म्हणजे दोघांचं इतकं बिनसलं, की तिथेही कार्टरना एका केबिनमधून दुसरीत खेपा घालाव्या लागल्याच! शेवटी बेगिन गाशा गुंडाळायला निघाले, तेव्हा कार्टर त्यांच्या नातवंडांसाठी एकेकाचं नाव घालून सह्या केलेले फोटो घेऊन गेले. नावं वाचता वाचता बेगिन यांचा आवाज कापरा झाला.

माझ्या मते कार्टरचं पारडं जड. सिनाई इजिप्तला परत मिळालं, १९७९ चा इस्रायल-इजिप्त तह अजून टिकून आहे. पॅलेस्टिनींचा प्रश्न मात्र मोघम शब्दांत गुंडाळला गेला. आणि सादात यांची १९८१ मध्ये कैरोत, लष्करी संचलन पाहताना हत्या झाली.