शेजारचा संघ फायनलला गेला, आता आपण कोणाकडून?

दर हिवाळ्यात अमेरिकेतल्या कुठल्या तरी कॅम्पसवरून आपल्याकडचा एखादा मुलगा फोन करून हेच विचारतो. आपला कॉलेज फुटबॉलचा (अमेरिकन फुटबॉल, सॉकर नव्हे) संघ बाहेर पडलाय, वर्षभर ज्यांच्या नावाने बोटं मोडली ते फायनलला आहेत, आणि त्यातून त्यांच्या रिक्रूटिंगवर, म्हणजे खेळाडू मिळवण्याच्या पद्धतीवर, संशय. मग पाठिंबा त्यांना द्यायचा, की त्यांच्यासमोर जो कोणी असेल त्याला?

माझ्यावर ही वेळ जानेवारी २०११ मध्ये आली. मी टस्कलूसाला, अलाबामा विद्यापीठात होतो. २६ नोव्हेंबरच्या आयर्न बोलमध्ये, म्हणजे याच राज्यातल्या ऑबर्न विद्यापीठाशी दरवर्षी होणाऱ्या सामन्यात, आम्ही घरच्या मैदानावर २४-० असे पुढे होतो आणि २८-२७ असे हरलो. आता तेच ऑबर्न अजिंक्यपदासाठी ऑरेगॉनशी खेळणार होतं.

आधी ऑरेगॉनची बाजू, कारण मीही तिथूनच सुरुवात केली होती. ऑबर्नचा क्वार्टरबॅक, म्हणजे संघाचं आक्रमण चालवणारा खेळाडू, कॅम न्यूटन. त्याच्या वडिलांनी एका मध्यस्थाबरोबर मिळून मिसिसिपी स्टेटकडे मुलाच्या प्रवेशाच्या बदल्यात पैसे मागितल्याचं प्रकरण नोव्हेंबर २०१० मध्ये फुटलं. आकडा १ लाख ८० हजार डॉलरपर्यंत सांगितला जात होता. मुलाच्या नावावर सौदा करू पाहिला गेला, हे कॉलेज खेळांचं नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेनेही मान्य केलं. पण मुलाला किंवा ऑबर्नला ते ठाऊक असल्याचा पुरावा नाही, म्हणून ३० नोव्हेंबरला अपात्र ठरलेला न्यूटन १ डिसेंबरला पुन्हा पात्र झाला. बापाने हात पसरला तरी मुलाला झळ नाही, मग नियम कशासाठी? हा प्रश्न मला तेव्हाही रास्त वाटत होता आणि आजही वाटतो. एनसीएएने पुढे ती फट बुजवली, म्हणजे फट होती. ‘आपल्याच कॉन्फरन्सचा (विद्यापीठांच्या गटाचा) संघ जिंकला तर आपलीही शान’ हा युक्तिवाद मला कधी पटला नाही, त्यामुळे तोही ऑबर्नच्या मदतीला आला नाही.

१० जानेवारीला मित्राच्या खोलीवर आम्ही बारा-चौदा जण जमलो. सगळे अलाबामाचे, सगळे त्या रात्रीपुरते ऑरेगॉनचे. एकाने डॉलरच्या नोटांच्या झेरॉक्स काढून आणल्या होत्या. ऑबर्नला फर्स्ट डाउन मिळालं, म्हणजे दहा यार्ड पुढे सरकून नव्याने संधी मिळाली, की मूठभर नोटा टीव्हीवर उधळायच्या. पहिल्या दोन-तीन वेळा मीही हसलो. मग ते थांबेचना. न्यूटनने पास टाकला की नोटा, दुसऱ्याच कुणी धाव काढली तरी नोटा. एका बाजूनेच छापलेले कागद, घामट बोटांना काळी शाई लागायची.

शेवटच्या अडीच मिनिटांत स्कोअर १९-१९ झाला. ऑबर्नकडे चेंडू. मायकल डायर, पहिल्या वर्षाचा मुलगा, चेंडू घेऊन धावला आणि बचावपटूने त्याला ओढून पाडल्यासारखं वाटलं. सगळे थांबले, डायरही क्षणभर उभा राहिला. आणि मग एकदम धावत सुटला. मला यातलं काहीच दिसलं नाही, कारण माझ्यापुढे एक जण टीव्ही झाकून नोटा उधळत होता. मी पाहिला तो रिप्ले. डायर त्या बचावपटूच्या अंगावर आडवा झाला होता, पण त्याचा गुडघा गवतापासून वर होता, टेकलाच नव्हता; टेकला असता तर धाव तिथेच संपली असती. ३७ यार्ड. थोड्याच वेळात वेस बायरमने १९ यार्डांवरून तीन गुणांचा फील्ड गोल मारला आणि ऑबर्न २२-१९ ने जिंकलं.

माझं मन बदललं ते एवढ्याच कारणाने. एकाच्या वडिलांनी पैसे मागितले म्हणून दुसऱ्याच मुलाची आयुष्यातली सर्वांत मोठी धाव मी बघू शकलो नाही. पुण्यात पुरुषोत्तमला भरत नाट्यमध्ये आम्ही घसा बसेपर्यंत ‘आव्वाज कुणाचा’ करायचो, पण समोरच्या कॉलेजची एकांकिका रंगली की टाळी आपसूक पडायची. त्या खोलीत टाळीला जागाच नव्हती. पाठिंबा म्हणून जे चाललं होतं त्यात ऑरेगॉनही कुठे नव्हतं. त्यांच्या संघातली तीन नावंसुद्धा आमच्यातल्या कुणाला सांगता आली नसती.

शिवाय स्वच्छतेचा निकष लावावा तर तो टिकत नाही. दोनच महिन्यांनी बातमी आली की ऑरेगॉनने एका रिक्रूटिंग सल्लागाराला २५ हजार डॉलर दिले होते. २०१३ मध्ये त्यांना तीन वर्षांचं प्रोबेशन मिळालं. ऑबर्नची चौकशी मात्र ऑक्टोबर २०११ मध्ये मोठा ठपका न ठेवता बंद झाली. आणि आमचं अलाबामा? रिक्रूटिंगमधल्याच पैशांपायी २००२ मध्ये दोन वर्षांची बोल-बंदी (मोसमाअखेरच्या सामन्यांवर बंदी) आणि २१ शिष्यवृत्त्यांची कपात आम्ही भोगलेली. २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर उघडपणे कमावता येतं, त्यामुळे आजचे वाद वेगळे आहेत, पण शुद्ध संघ शोधायला निघालात तर बहुधा रिकाम्या हाताने परत याल.

अलाबामाच्याच एका चाहत्याने त्या आयर्न बोलनंतर ऑबर्नच्या टूमर्स कॉर्नर या चौकातल्या जुन्या ओक वृक्षांना विष घातलं होतं, हे फेब्रुवारीत उघड झालं. आणि २७ एप्रिलला टस्कलूसावर टॉर्नेडो आदळला, तेव्हा मदतीचे ट्रक भरून आणणाऱ्यांत ऑबर्नचे लोक होते. मी ज्या रांगेत पाण्याची खोकी उतरवत होतो तिथे माझ्या पुढचा माणूस ऑबर्नच्या नारिंगी टोपीत होता. खोकं माझ्या हातात देताना दर वेळी तो ‘सांभाळून, जड आहे’ म्हणायचा.

ज्यांचं बालपण त्या राज्यात गेलं, ज्यांच्या घरात आजोबांपासून हे वैर आहे, त्यांना मी आग्रह करणार नाही. त्यांनी त्या रात्री टीव्ही लावलाच नाही तरी मी समजू शकतो. पण तुमच्यामाझ्यासारखा चार वर्षांसाठी आलेला माणूस असेल, तर माझं मत शेजाऱ्याच्या बाजूने आहे. आयर्न बोलला अर्थातच नाही. एका फायनलपुरतं. आणि जमलं तर त्यांच्याच एखाद्या माणसाच्या घरी बसून बघा, तिथे टीव्हीसमोर कुणी उभं राहत नाही.