गॅसची शेगडी की इंडक्शन?
घरखर्च कमी करताना इंधनापाशी अनेकजण अडतात, कारण दोन्ही पर्यायांची बिले वेगवेगळ्या मापांत येतात. म्हणून आधी ती एका मापात आणावीत. एक किलो एलपीजीत सुमारे १२.८ युनिट ऊर्जा असते. मात्र बर्नर व भांड्यानुसार त्यातील साधारण ४० ते ६५ टक्केच उष्णता अन्नापर्यंत पोहोचते. इंडक्शनमध्ये भांड्याचा तळ स्वतःच तापत असल्याने हे प्रमाण ८५ टक्क्यांच्या आसपास जाते. त्यामुळे एक किलो गॅसचे काम सहा ते दहा युनिट विजेत होते. किलोभर गॅस दहा युनिटांहून महाग पडत असेल तर इंडक्शन निश्चित स्वस्त, आणि सहा युनिटांहून स्वस्त असेल तर गॅसच परवडतो.

टिकाऊपणात मात्र मी गॅसला झुकते माप देईन, कारण शेगडीची दुरुस्ती सोपी असते, तर इंडक्शनचे सर्किट बिघडल्यास खर्च मोठा येतो. शिवाय इंडक्शनला चुंबक चिकटेल अशा तळाची भांडी लागतात. साफसफाईत इंडक्शन सरस आहे.

वीजपुरवठा भरवशाचा आणि स्वयंपाक थोडा असेल, तर इंडक्शन घ्यावे. मोठ्या कुटुंबाला, किंवा वीज वारंवार जात असेल तिथे, गॅस सोडणे योग्य नाही. अशा घरी पाणी तापवणे व उकळण्याची कामे तेवढी इंडक्शनवर न्यावीत, अर्थात वरील हिशेब विजेच्या बाजूने लागत असेल तरच.