निळ्या तारांचे ४,८०० रुपये

गाडीचं अर्थिंग (बॅटरीच्या मायनसपासून इंजिन आणि बॉडीला जाणारी जोडणी) वाढवलं की हेडलाइट उजळतात, पिकअप येतो, अ‍ॅव्हरेज दोनने वाढतो, असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल तर खिशात हात घालण्याआधी माझं ऐका. मी ४,८०० रुपये मोजून आलोय.

माझी पेट्रोल हॅचबॅक २०११ची. रत्नागिरीत अंगणात उभी असते, वर पाऊस आणि समोरून खारा वारा. गेल्या वर्षी लाइट पिवळट पडायला लागले, सकाळी सेल्फ जड यायचा. रात्री आंबा घाट उतरताना तर समोरचं वळण नीट दिसेना. कोल्हापुरात कामाला गेलो होतो, तेव्हा तिथल्या एका अ‍ॅक्सेसरीच्या दुकानात शिरलो. चूक इथेच झाली. लक्षण घेऊन मी वायरमनकडे जायला हवं होतं, गेलो विकणाऱ्याकडे.

“दादा, कंपनीची अर्थिंग लई बारीक असतीया,” तो म्हणाला आणि पाच जाडजूड निळ्या तारा काढल्या. सोबत एक डबी, बॅटरीला लावायची, तिच्यावर व्होल्टचे लाल आकडे. डबीचं नाव ‘स्टॅबिलायझर’.

आता त्याची हातचलाखी सांगतो, कारण फसवणूक तारांत कमी आणि दाखवण्यात जास्त होती. आधी एसी, पंखा, हेडलाइट सगळं चालू करून गाडी आयडलिंगला ठेवली. आकडा १२.९. मग अर्ध्या तासात तारा बसवल्या. दुसऱ्यांदा दाखवताना एसी बंद होता आणि त्याचा पोऱ्या आत बसून अ‍ॅक्सिलरेटर दाबत होता. आकडा १४.२. “बघा की भिंतीवर लाइट कशी पडतीया!” पडणारच. हॅलोजनचं व्होल्टेज पाच टक्के बदललं तरी उजेड पंधरा टक्क्यांच्या आसपास बदलतो. चांगला अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणारा डायनॅमो, रेस केल्यावर चौदाच्या आसपास देतोच, निळी तार असो वा नसो. मी मात्र मान डोलावली. ४,८०० रुपये मोजले, कच्च्या पावतीवर तेवढा आकडा लिहून घेतला आणि घाट उतरलो.

पुढचे आठ-दहा दिवस सेल्फ खरंच झटकन लागला. मी चार जणांना दुकानाचा पत्ताही दिला (त्यांची माफी मागून झाली आहे). नंतर कळलं की तारा लावताना पोऱ्याने बॅटरीचे टर्मिनल काढून पॉलिश पेपरने घासले होते. फरक पडला तो त्या घासण्याने, आणि ते काम घरी फुकट होतं. अ‍ॅव्हरेजचं म्हणाल तर टाकी फुल करून तीनदा मोजला. आधी १५.८ होता, नंतर १५.६.

श्रावणात एका रात्री गाडी बंद पडली. सेल्फ नुसता टक् करायचा. सकाळी आमच्या इथल्या जुन्या वायरमन चाचांना बोलावलं. त्यांनी निळ्या तारांकडे पाहिलंसुद्धा नाही. व्होल्ट मोजायच्या मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या मायनस खांबावर, दुसरी इंजिनच्या घासलेल्या लोखंडावर धरली आणि म्हणाले, “मारा सेल्फ.” आकडा आला १.१ व्होल्ट. सेल्फ मारताना इथे पाव व्होल्टच्या आत असायला हवं. म्हणजे बॅटरीतून निघालेल्यातला एक व्होल्टहून जास्त सेल्फपर्यंत पोचतच नव्हता, वाटेतल्या गंजात जळत होता.

गाडीखाली गेल्यावर गिअरबॉक्सवरून बॉडीला जाणारी मूळ अर्थपट्टी सापडली. हिरवी पडलेली, बोटाने भुगा होत होता. नवी पट्टी आणि मजुरी मिळून ३५० रुपये. चाचांनी दोन्ही टोकांखालचा रंग खरवडला, बोल्ट आवळला, वरून ग्रीस फासलं. आकडा आला ०.१५.

“मग या पाच तारा काय करत होत्या, चाचा?”

त्यांनी एकेक दाखवली. दोन बॉडीच्या रंगवलेल्या बोल्टखाली, रंग न खरवडता. एक इनटेक मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनला हवा पोचवणाऱ्या नळ्यांच्या, बोल्टला, आणि तो मॅनिफोल्ड प्लास्टिकचा! प्लास्टिकला अर्थ. चौथी इंजिनला होती खरी, पण थिंबल (तारेच्या टोकाची धातूची कडी) दाबताना निम्म्या तारा तुटलेल्या आणि उरलेल्या पांढऱ्या भुकटीत. पाचवी नुसती डबीला जोडलेली. चाकूने तार खरवडली तर तांब्याच्या मुलाम्याखाली अ‍ॅल्युमिनियम. डबी घरी फोडली. आकड्यांचा दिवा, दोन-चार किरकोळ कपॅसिटर, बाकी डांबरासारखा चिकट मसाला.

समजा तारा अस्सल तांब्याच्या आणि नीट बसवलेल्या असत्या, तरी मूळ अर्थिंग धड असताना मिळालं काय असतं? १६ स्क्वेअर मिलिमीटरची एक मीटर तांब्याची तार ४० अँपिअरला जेमतेम ०.०५ व्होल्ट खाते. वाचवून वाचवून तेवढंच वाचणार. त्यावर अ‍ॅव्हरेज कुठून वाढेल? पेट्रोलचं प्रमाण तर ईसीयू, म्हणजे इंजिनचा कंप्युटर, धुरातला ऑक्सिजन सेन्सर बघून ठरवतो. डिकीत मोठा अ‍ॅम्प्लिफायर किंवा जीपला विंच (अडकलेली गाडी ओढायचा मोटरचा दोर) लावणार असाल तर जाड अर्थ हवीच, ती गोष्ट वेगळी. आणि नव्या गाड्यांत बऱ्याचदा मायनस टर्मिनलवर बॅटरी सेन्सर असतो. बाहेरची तार थेट खांबाला लावली की तिच्यातला करंट सेन्सरला दिसतच नाही आणि चार्जिंगचा हिशेब चुकतो. म्हणजे पैसे देऊन बिघाड.

ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार करायचं ठरवलं, पण हातात पक्कं बिल कुठे होतं? कच्च्या पावतीवर दुकानाचं नावही नाही. शेवटी दुकानदारालाच फोन केला. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“दादा, तुमची गाडी जुनी हाय, तिला पाच तारा पुरत न्हाईत. घेऊन या, आठ तारांचा सेट बसवू. जुन्याचे हजार कमी करतो.”